सपरीतले करार: मेकाँगचा डाव, वैनगंगेच्या काठावर

पार्श्वभूमी

देसाईगंजच्या खालच्या अंगाला वैनगंगेच्या काठावर एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण यातली पोरं अजून परीक्षा देताहेत आणि त्यांच्या चुका इथे मांडायच्या आहेत. माझ्याही. ग्रामपंचायतीच्या जुन्या इमारतीत अभ्यासिका चालते. एक खोली, पुढे टिनाची सपरी, दोन ट्यूबलाइट आणि रात्री आठच्या सुमारास मान टाकणारा इन्व्हर्टर. धानाची कापणी-मळणी उरकली की गर्दी वाढते. २०२४च्या हिवाळ्यात २२ जण येत होते. बहुतेकांचं लक्ष पोलीस भरतीकडे किंवा तलाठ्याच्या जागेकडे, सहा-सात जण राज्यसेवेचे. मी तालुक्याला राज्यशास्त्र शिकवतो आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी इथे येतो.

राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक, म्हणून डिसेंबरच्या सुरुवातीला एक प्रश्न लिहायला दिला. सामायिक नदीच्या खोऱ्यात महासत्तांची स्पर्धा चालते तेव्हा लहान शेजारी देश काय करतात? उत्तरं आली ती चीन आणि अमेरिकेवर. दोन पानं भरून व्यापारयुद्ध, दक्षिण चीन समुद्र, तैवान. लहान देशांच्या वाट्याला शेवटची एक ओळ. एका मुलीने ती ओळ अशी लिहिली होती: 'लहान देशांना पर्याय नसतो, ते प्यादी असतात.' तिच्या घरच्या तीन बांध्या, म्हणजे धानाची शेतं, नदीला लागून आहेत. दर दोन-तीन पावसाळ्यांनी वरून पाणी सुटलं की त्या बुडतात, आणि मग तिचे वडील पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उसने मागत गावोगाव फिरतात. हे मला माहीत होतं, म्हणून ती ओळ डोक्यातून गेली नाही.

अडचण

अडचण दुहेरी होती. पुस्तकातल्या नोट्समध्ये लहान देश हे क्रियापदाचे कर्तेच नसतात. चीन 'प्रभाव वाढवतो', अमेरिका 'प्रतिसाद देते', आणि लाओस, कंबोडिया नुसते नकाशावर असतात. दुसरी गोष्ट अशी की पोरं ज्या नदीवर राहतात तिचं राजकारण त्यांना उत्तम कळतं, पण ते 'अभ्यास' आहे असं त्यांना वाटत नाही. वैनगंगा मध्य प्रदेशातल्या सिवनीकडून येते, पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि गोदावरीला, म्हणजे तेलंगणाच्या हद्दीला लागते. मधल्या माणसाला वरच्याचा राग आणि खालच्याचा विसर, दोन्ही एकाच घरात सापडतात.

व्याख्यान देऊन हे होणार नव्हतं. खेळ मांडायचं ठरलं: प्रत्येक गट एक देश, प्रत्येकाला एक कागद, समोर एक दुष्काळी वर्ष. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव रात्रभर नाटकं होतात, त्यामुळे सोंग घ्यायला कुणाला शिकवावं लागत नाही.

समोरचे पर्याय

पहिला निर्णय नदीचा. ब्रह्मपुत्रा जवळची, बातम्यांतली, परीक्षेत हमखास येणारी. सिंधूचा विचार अर्ध्या मिनिटात सोडला. पाकिस्तान आला की वर्गात बाकी काही उरत नाही. ब्रह्मपुत्रेलाही तोच धोका होता, थोडा सौम्य. आपण स्वतः पक्षकार असलो की नदी बाजूला राहते आणि घोषणा सुरू होतात. म्हणून मेकाँग घेतली. तिथे आपलं कुणी नाही.

मेकाँग तिबेटच्या पठारावर उगम पावते. चीनमध्ये तिचं नाव लान्त्सांग. पुढे म्यानमार, लाओस, थायलंड, कंबोडिया आणि व्हिएतनाम. १९९५मध्ये खालच्या चार देशांनी चिआंग राय इथे करार करून मेकाँग नदी आयोग उभा केला. चीन आणि म्यानमार त्यात सदस्य नाहीत, १९९६पासून नुसते 'संवाद भागीदार' आहेत. चीनने २०१६मध्ये सहाही देशांना घेऊन लान्त्सांग-मेकाँग सहकार्य नावाची स्वतःची चौकट आणली, पैशासकट. अमेरिकेने २००९मध्ये लोअर मेकाँग उपक्रम सुरू केला आणि २०२०मध्ये त्याचं मेकाँग-अमेरिका भागीदारीत रूपांतर केलं. म्हणजे नदी एक, बैठका तीन.

दुसरा निर्णय खुर्च्यांचा. २२ जणांत सहा गट बसले: चीन, लाओस, थायलंड, कंबोडिया, व्हिएतनाम आणि अमेरिका. म्यानमार गाळला, जपानही. जपान गाळल्याची खंत पुढे वाटली. बोलणी कुठे आणि कशी करायची याचा नियम मी घातला नाही. ते मुद्दाम नव्हतं, सुचलंच नाही. पण सगळ्यात जास्त शिकवून गेलं ते हेच.

पहिला डाव

देशांना कागद वाटले. व्हिएतनामच्या कागदावर होतं: तुमच्या भाताचं जवळपास निम्मं उत्पादन एकट्या त्रिभुज प्रदेशात होतं. वरून पाणी आणि गाळ कमी आला की समुद्राचं खारं पाणी शेतात शिरतं, २०१६ आणि २०२०च्या उन्हाळ्यात तसं झालं. हे वाचून व्हिएतनामचा गट लगेच धानाच्या भाषेत बोलू लागला. कंबोडियाच्या कागदावर तोन्ले साप सरोवर होतं. पावसाळ्यात मेकाँग इतकी फुगते की सरोवराकडून येणारी नदी उलटी वाहते, सरोवर कैक पटींनी पसरतं आणि मासळी वाढते. 'नदी उलटी वाहते?' यावरच दहा मिनिटं गेली. शेवटी सपरीच्या कोपऱ्यात बसून जाळं विणत सगळं ऐकणारे एक ढिवर काका म्हणाले, "मोठ्या पुरात आपला नाला बी उलटा येते ना बापू. त्यात काय नवल!" प्रश्न मिटला.

लाओसच्या कागदाने मात्र सगळ्यांना गोंधळात टाकलं. मेकाँगच्या एकूण वार्षिक पाण्यात चीनमधून येणारा वाटा सुमारे १६ टक्के आणि लाओसच्या उपनद्यांचा सुमारे ३५ टक्के. कोरड्या महिन्यांत वरच्या टप्प्यात चीनचं पाणी खूप महत्त्वाचं ठरतं, हे खरं. पण वर्षाचा हिशेब मांडला तर मोठा दाता लाओस. समुद्रकिनारा नसलेला, कर्जात बुडालेला हा देश स्वतःला 'आग्नेय आशियाची बॅटरी' म्हणवतो आणि वीज विकून जगायचं ठरवून बसला आहे. त्याचं सायाबुरी धरण १,२८५ मेगावॉटचं. ऑक्टोबर २०१९मध्ये सुरू झालं, बांधलं थाई कंपनीने, आणि त्याची बहुतेक वीज थायलंडच विकत घेतो. आयोगाच्या नियमानुसार आधी सल्लामसलत झाली होती. व्हिएतनामने मुख्य प्रवाहावरच्या धरणांना दहा वर्षं थांबा असं म्हटलं होतं. पण आयोगात कुणालाच नकाराधिकार नाही. धरण झालं.

खेळ सुरू होऊन पाच मिनिटंही झाली नसतील, चीनच्या गटातला एक पोरगा उठला. लाओसच्या म्होरक्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला सपरीत घेऊन गेला. चहाचा कप हातात दिला. तीन-चार मिनिटांत दोघं परत आले, लाओसच्या कागदावर सही झालेली. मग कंबोडियाची पाळी. कालव्यासाठी पैसा, बदल्यात बैठकीत गप्प. ऑगस्ट २०२४मध्ये कंबोडियाने खरोखरच फुनान तेचो कालव्याचं काम सुरू केलं आहे. तेव्हाच्या आराखड्यात सुमारे १८० किलोमीटर, १.७ अब्ज डॉलर, मेकाँगवरच्या मालवाहतुकीला व्हिएतनामच्या बंदरांना वगळून थेट समुद्राची वाट. व्हिएतनामची काळजी उघड आहे. पण त्या पोराला यातलं काही माहीत नव्हतं. त्याच्या कागदावर एवढंच होतं की तुम्ही आयोगाचे सदस्य नाही आणि तुमच्याकडे पैसा आहे. सगळ्यांशी एकत्र बोलण्यापेक्षा एकेकाला बाजूला घेणं सोपं, हे त्याने स्वतः काढलं. नंतर विचारलं तर म्हणाला, "सर, जमिनीचा सौदा असाच होते ना. चार भाऊ एका जाग्यावर बसवले त कोनी विकते का?"

इथे माझा तिसरा निर्णय. मधे पडून 'बोलणी टेबलावरच करा' म्हणायचं का? नाही म्हटलं. पंचाने नियम घातला असता तर जी गोष्ट शिकायची तीच पुसली गेली असती.

अमेरिकेच्या गटात दोन मुली होत्या, दोघी सगळ्यात जास्त वाचून आलेल्या. त्यांच्या कागदावर उपग्रहाचा अभ्यास होता. एप्रिल २०२०मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या पैशातून एक अहवाल निघाला. खालचे देश २०१९मध्ये दुष्काळ सोसत असताना वरच्या धरणांनी पाणी अडवून धरलं, असा त्याचा निष्कर्ष. चीनने तो फेटाळला, आणि काही महिन्यांत तिथल्या संशोधकांनी धरणांमुळे दुष्काळ हलका होतो असा उलटा अभ्यास मांडला. खुद्द आयोगाचं म्हणणं होतं की मुख्य कारण कमी पाऊस, मोसमी वारे उशिरा आले आणि लवकर गेले, पण नीट सांगायला आकडे हवेत. आमच्या खोलीतही हेच घडलं. अमेरिकेने कागद फडकवला, चीनने दुसरा कागद फडकवला, आणि मधल्यांनी दोन्ही बाजूला सारले. थायलंडची मुलगी म्हणाली, "तुमचा कागद खरा असन, पन तुमी तो कायले दाखवून रायले हे बी आमाले माहीत आहे."

डाव मोडला तो शेवटच्या दहा मिनिटांत. व्हिएतनामने लाओसला भर बैठकीत विचारलं, "तू पन खालचाच होय ना? मंग त्याच्यासंगं कसा गेला?" लाओस म्हणाला, "तुह्यापेक्षा त वरच आहो मी." दोघं सख्खे चुलतभाऊ. आवाज चढले, इन्व्हर्टरने मान टाकली, सगळे अंधारात घरी गेले. करार एकही झाला नाही, सपरीतले दोन सोडले तर.

मधेच आलेली बातमी

नाताळच्या सुमारास बातमी आली की तिबेटमध्ये यारलुंग त्सांगपोच्या खालच्या टप्प्यावर जगातला सर्वांत मोठा जलविद्युत प्रकल्प उभारायला चीनने मंजुरी दिली. म्हणजे आपल्या ब्रह्मपुत्रेच्या वर. दुसऱ्या दिवशी पोरं दारातच उभी: सर, मेकाँग सोडा, आता हेच घ्या.

बदलावं की नाही यावर मी दोन दिवस घालवले. बदललं असतं तर पहिल्या डावाची मेहनत वाया, आणि ज्या घोषणांना टाळत होतो त्या दारात. न बदलावं तर पोरांच्या खऱ्या कुतूहलावर पाणी. तोडगा असा काढला: एक संध्याकाळ ब्रह्मपुत्रेची, पण पहिली वीस मिनिटं प्रत्येकाने बांगलादेशच्या खुर्चीतून लिहायचं.

आधी कुरकूर झाली. मग लिखाण सुरू झालं आणि मजकूर त्यांच्याच हातून वळला. चीनबरोबरचा पुराच्या काळातली माहिती देण्याचा सामंजस्य करार २००२चा. २०१७मध्ये, डोकलामला दोन्ही देशांची सैन्यं समोरासमोर उभी ठाकली त्या वर्षी, माहिती आली नाही, आणि २०२३मध्ये करार संपला तो नव्याने झाला नाही. हे भारताचं गाऱ्हाणं रास्त आहे. पण बांगलादेशाच्या खुर्चीत बसलं की ५४ सामायिक नद्या दिसतात, २०११मध्ये सहीपर्यंत येऊन पश्चिम बंगालच्या विरोधामुळे अडलेला तिस्तेचा करार दिसतो, आणि १९९६चा गंगा करार ३० वर्षांचा, म्हणजे डिसेंबर २०२६ला संपणारा. तिस्तेच्या कामात चीनने रस दाखवला आणि मग भारतानेही मदत देऊ केली. लहान शेजारी दोन मोठ्यांमध्ये कसा उभा राहतो याचं याहून जवळचं उदाहरण नाही. सामायिक नद्यांच्या वापराचे नियम मांडणाऱ्या १९९७च्या संयुक्त राष्ट्र कराराविरुद्ध मत देणारे तीनच देश होते: चीन, तुर्कस्तान, बुरुंडी. भारत तटस्थ राहिला. मेकाँगच्या खालच्या देशांपैकी एकटा व्हिएतनाम त्यात सामील झाला, २०१४मध्ये, आणि तो पस्तिसावा देश ठरल्यामुळे तो करार अमलात आला.

एका पोराने वही मिटून म्हटलं, "म्हन्जे आपन चीनले जे म्हनतो, तेच ते आपल्याले म्हनते." मी काही बोललो नाही. एकाला हे पटलं नाही, तो रागावून लवकर गेला. पुढच्या वेळी आला.

दुसरा डाव

जानेवारीच्या शेवटी पुन्हा मेकाँग. या वेळी पोरं तयारीने आली. थायलंडच्या गटाने एक शिक्षक शोधून काढला होता, निवत रॉयकेव. चिआंग खोंगचा. चीनच्या पुढाकाराने नदीतले खडक सुरुंगाने फोडून मोठ्या मालवाहू जहाजांना वाट करायची योजना होती. नदीकाठच्या लोकांनी वीसेक वर्षं विरोध केला, आणि फेब्रुवारी २०२०मध्ये थाई मंत्रिमंडळाने ती रद्द केली. रॉयकेव यांना २०२२चा गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. 'पर्याय नसतो' लिहिणारी मुलगी आता थायलंडमध्ये होती. मोठ्या देशाला नाही म्हणता येतं, आणि त्या नाहीची सुरुवात गावातून होऊ शकते, हे तिने मांडलं. लगेच लाओसने टोमणा मारला: मग आमची वीज का घेता? तिच्याकडे उत्तर नव्हतं, थायलंडकडेही फारसं नाही.

चौथा निर्णय माझा आणि चुकलेला. २० जानेवारी २०२५ला अमेरिकेच्या नव्या अध्यक्षांनी परदेशी विकासमदत ९० दिवसांसाठी थांबवली होती. मी डाव मधेच थांबवला, बातमी वाचली आणि अमेरिकेच्या दोघींना खुर्ची रिकामी करायला सांगितलं. परिणाम जोरदार झाला. ज्यांनी त्यांच्या उपग्रहाच्या आकड्यांवर बेत रचला होता त्यांची पंचाईत झाली. चीनचा गट हसला. पण त्या दोघी आठवडाभर तयारी करून आल्या होत्या. एकजण बाहेर सपरीत जाऊन बसली ती परत आलीच नाही.

रिकाम्या खुर्चीनंतर खोली थोडी शांत झाली आणि व्हिएतनामने पहिल्यांदा कामाचं बोलणं काढलं. धरण थांबवा, असं नाही. पाणी कमी-जास्त करण्याआधी किती दिवस कळवाल? जानेवारी २०२१मध्ये चीनच्या जिंगहाँग धरणातून सुटणारं पाणी कमी झालं होतं, कारण सांगितलं वीजवाहिन्यांच्या देखभालीचं. खाली कळवलं ते नदी उतरू लागल्यानंतर. त्याच्या काही महिने आधीच, २०२०मध्ये, चीनने पुराच्या काळापुरती नव्हे तर वर्षभर माहिती द्यायचं मान्य केलं होतं. हे वाचून दाखवल्यावर खोलीत जो हशा पिकला तो मेकाँगवरचा नव्हता. आमच्या गावातही दरवाजे उघडल्याचा संदेश व्हॉट्सॲपवर येतो. कधी आधी, कधी बांधीत पाणी शिरल्यावर.

शेवटी चौघांनी एक कागद केला. प्रत्येकाने आपापल्या सीमेवर स्वतःची मोजपट्टी ठेवायची, रोजचा आकडा चौघांना द्यायचा, आणि सपरीत कुणाशीही काहीही ठरलं तरी हा आकडा थांबवायचा नाही. लाओसने धरणांवर शब्द द्यायला साफ नकार दिला, पण या कागदावर सही केली. चीनने केली नाही. सही न करताही आकडा त्यांच्याकडे जातो, हे त्या पोराच्या लगेच लक्षात आलं.

काय निष्पन्न झालं

फेब्रुवारीत तोच प्रश्न पुन्हा लिहायला दिला. राज्यसेवेवाल्यांची उत्तरं बदलली. लाओस दोन्हीकडून कसा खेळतो, यावर एकीने आख्खं पान लिहिलं, आणि चीनवर चार ओळी. ते उत्तर मी परीक्षकासारखं तपासलं असतं तर 'असंतुलित' म्हणून गुण कापले असते, हेही खरं. भरतीच्या दोन पोरांनी येणंच सोडलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: मैदानी चाचणीत लाओस विचारत नाही.

कागदाबाहेर एक गोष्ट घडली. देवळाच्या घाटाच्या पायऱ्यांवर पोरांनी ऑइलपेंटने खालून वर आकडे टाकले. जाळं विणणारे काका पहाटे डोंगा काढताना पाणी कितव्या पायरीवर आहे ते पाहतात आणि सांगतात, पोरं वहीत लिहितात. काका आकडे वाचत नाहीत, पायऱ्या मोजतात. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, "कोनाले दाखवाचं हे, माय?" उत्तर अजून ठरलेलं नाही.

पुन्हा करायचं झालं तर

अमेरिकेच्या गटाला आदल्या दिवशी सांगेन, निदान त्या दोघींना. धक्का बाकीच्यांना बसला तरी पुरतो.

जपानला खुर्ची देईन. खालच्या देशांच्या रस्त्यांत, पुलांत आणि विजेत जपानचा पैसा अनेक वर्षांपासून आहे. दोनच मोठे ठेवले की पोरांना पुन्हा चीन-अमेरिका असंच दिसू लागतं, आणि ते चित्र मोडायलाच तर बसलो होतो. म्यानमारचं मात्र अजून कळत नाही. तिथे सध्या कोणाच्या नावाने बोलायचं, हाच प्रश्न आहे.

लाओसचा गट सगळ्यात हुशार पोरांना देईन. पहिल्या डावात ती खुर्ची उरलेल्यांना गेली, आणि सगळ्यात अवघड कागद त्यांच्या हातात पडला.

आणि काकांना सपरीच्या कोपऱ्यात न ठेवता पहिल्या दिवसापासून आत बसवेन. विचारलं तेव्हा ते म्हणाले, पावसाळ्याआधी असेल तर येतो, नंतर नदीवर काम असते.